'पुरावा' या शब्दावर किती भरवसा ठेवायचा? चार्म क्वार्कचे काही पेपर वाचताना

फिजिकल रिव्ह्यू लेटर्स या जर्नलमधले दोन पेपर शेजारी ठेवा. एक १९६४ चा, दुसरा २०१२ चा. दोन्हींच्या शीर्षकाचा पहिला शब्द एकच आहे: 'एव्हिडन्स', म्हणजे पुरावा. दोन्ही पेपर सांगतात की निसर्ग द्रव्याला आणि प्रतिद्रव्याला अगदी सारखं वागवत नाही. दोन्हींचं हे म्हणणं आज बरोबर मानलं जातं. पण १९६४ चा आकडा आजच्या मोजमापांशी अजून जुळतो, आणि २०१२ चा आकडा वर्षभरातच निम्म्याहून खाली घसरला.

शब्द तोच, निष्कर्षही बरोबर, मग आकडा का टिकला नाही? हा प्रश्न मला स्वतःहून पडला नव्हता. आमच्या ग्रुपच्या जर्नल क्लबमध्ये मी चार्म क्वार्कवरचा २०१९ चा पेपर सांगत होतो. शेवटच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात '५.३ सिग्मा' लिहिलं होतं. मागच्या रांगेतून एका सीनियरने विचारलं, "याच लोकांनी सात वर्षांपूर्वी याच्या पाचपट मोठा आकडा छापला होता ना? त्याचं काय झालं?" मी "डेटा वाढला..." असं काहीतरी पुटपुटलो. तो पेपर मी वाचलेलाच नव्हता. रिसर्चला जायची तयारी करणाऱ्यांनी माझ्यासारखं उघडं पडू नये, म्हणून ही पोस्ट.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. कणाच्या जागी प्रतिकण ठेवला (सी) आणि सगळं आरशात पाहिलं (पी), तर भौतिकीचे नियम तेच राहतील का? राहिले तर सीपी सममिती आहे. नाही राहिले तर ती मोडलेली आहे, आणि हे मोडणं क्षयांमध्ये दिसायला हवं: कणाचा क्षय आणि प्रतिकणाचा आरशातला क्षय यांचं प्रमाण वेगळं येईल. आंद्रेई सखारोव्ह यांनी १९६७ मध्ये दाखवलं की विश्वात प्रतिद्रव्याच्या मानाने द्रव्य जास्त उरण्यासाठी ज्या अटी लागतात त्यांतली ही एक. बाकी पाठ्यपुस्तकात आहे, तिथे मी थांबत नाही.

आता १९६४. ख्रिस्टेन्सन, क्रोनिन, फिच आणि टर्ले, स्थळ ब्रुकहेवन. सीपी अभंग असेल तर दीर्घायुषी उदासीन केऑनचा क्षय दोन पायऑनमध्ये होता कामा नये. अपेक्षा शून्याची होती. त्यांनी सुमारे २२,७०० क्षय तपासले आणि त्यांत दोन पायऑनचे ४५ ± ९ सापडले. पंचेचाळीस! आजच्या प्रयोगांत एवढ्या घटना मिनिटभराचाही हिशेब भरणार नाहीत.

तरी पेपर पटतो. का, ते त्यांच्या एका आकृतीत आहे. दोन पायऑनच्या संवेगांची बेरीज केली की ती शलाकेच्या दिशेनेच यायला हवी, कारण तिसरा कण काही पळवून नेत नाही. त्यांनी वस्तुमानाच्या तीन शेजारशेजारच्या पट्ट्या घेतल्या. केऑनचं वस्तुमान ज्या मधल्या पट्टीत येतं, फक्त तिथेच शलाकेच्या दिशेला टोकदार शिखर दिसलं. वरच्या आणि खालच्या पट्टीत काहीच नाही. बॅकग्राउंडचा खेळ असता तर शिखर शेजारीही डोकावलं असतं. शिवाय शलाकेत टंगस्टनचा ठोकळा ठेवून त्यांनी अल्पायुषी केऑन मुद्दाम पुन्हा तयार केले. त्यांचा दोन पायऑनमधला क्षय तर हमखास होतो. म्हणजे खरा सिग्नल आपल्या उपकरणात कसा दिसतो, हे त्यांनी आधी पाहून घेतलं आणि मग सापडलेल्या घटना त्याच्याशी ताडून पाहिल्या. हाच अल्पायुषी केऑन हेलियममध्ये आपोआप तयार होऊन फसवत असेल का? त्याचाही हिशेब पेपरात आहे, आणि ती शक्यता अगदीच किरकोळ निघते.

पेपरभर कुठेही 'इतके सिग्मा' अशी जाहिरात नाही. पुढच्याच वर्षी फिच आणि सहकाऱ्यांनी दोन प्रकारच्या केऑनमधलं व्यतिकरण दाखवलं आणि उरलेसुरले पर्यायी खुलासे मागे पडले. क्रोनिन आणि फिच यांना १९८० चं नोबेल मिळालं.

आता २०१२ चा पेपर. सर्नमधल्या एलएचसीबी प्रयोगाचा. निकाल नोव्हेंबर २०११ मध्ये जाहीर झाला, छापून पुढच्या वर्षी आला. चार्म क्वार्क असलेला उदासीन डी मेसॉन दोन केऑनमध्ये किंवा दोन पायऑनमध्ये मोडतो. डी आणि प्रति-डी यांच्या या क्षयांत फरक आहे का, हा प्रश्न. अपेक्षा इथेही जवळजवळ शून्याची आहे, पण 'जवळजवळ' या शब्दाकडे लक्ष ठेवा, त्याचं पुढे काम आहे. चार्मच्या क्षयात पहिल्या दोन पिढ्यांचेच क्वार्क मुख्य खेळाडू असतात. सीपी मोडायला कोबायाशी-मास्कावा यंत्रणेत तिसरी पिढी लागते, आणि तिचा वाटा इथे हजारात एकाहूनही कमी पडतो.

मोजायचं कसं, तर समोर दोन अडचणी होत्या. एलएचसीमध्ये प्रोटॉनवर प्रोटॉन आदळतो, म्हणजे सुरुवातच द्रव्यापासून होते. त्यामुळे डी आणि प्रति-डी समसमान तयार होतील याची खात्री नाही. दुसरी अडचण ओळखीची. जन्मलेला कण डी होता की प्रति-डी, हे त्याच्यासोबत आलेल्या एका मंद पायऑनच्या विद्युतभारावरून ठरवतात, आणि डिटेक्टर धन व ऋण पायऑन अगदी सारख्या कुशलतेने पकडत नाही. चुंबक एका भाराला एकीकडे वळवतो, दुसऱ्याला दुसरीकडे. कडेचे काही पायऑन बाहेरच निसटतात. या दोन्ही खोट्या असममिती खऱ्या असममितीपेक्षा मोठ्या असू शकतात.

यावरची युक्ती मला आजही मनापासून आवडते. केऑनच्या जोडीसाठी असममिती मोजा, पायऑनच्या जोडीसाठी मोजा आणि वजाबाकी करा. निर्मितीतली खोट दोन्हीकडे सारखी, मंद पायऑनची खोटही दोन्हीकडे सारखी. वजाबाकीत दोन्ही उडतात. केऑनची जोडी किंवा पायऑनची जोडी प्रतिकणांच्या भाषेतही तीच राहते, म्हणून तिथून तिसरी खोट येत नाही. उरतो तो सीपीचा भाग. अर्थात दोन्ही नमुन्यांतल्या डी मेसॉनचे वेग आणि दिशा सारख्या असतील तरच उडतात. म्हणून एका नमुन्याला वजनं देऊन दुसऱ्याशी जुळवून घेतात, कडेचा भाग कापून टाकतात, आणि चुंबकाची दिशा अधूनमधून उलटी करून डेटा घेतात.

पेपर वाचताना तुम्ही सगळ्यात आधी हेच शोधा: या मोजमापात काय काय उडून जातं आणि कशाच्या भरवशावर उडतं. सिग्मा नंतर बघा.

निकाल होता उणे ८२ ± २१ ± ११. (इथून पुढे असममितीचे आकडे दर दहा हजारांमागे. पहिली अनिश्चितता संख्याशास्त्रीय, दुसरी सिस्टेमॅटिक.) म्हणजे ३.५ सिग्मा. म्हणून शीर्षकात 'पुरावा'.

पेन्सिल घ्या. पेपरात केऑनच्या जोडीचे साधारण १४.४ लाख क्षय आहेत आणि पायऑनच्या जोडीचे साधारण ३.८ लाख. असममितीची अनिश्चितता ढोबळमानाने एक भागिले घटनांच्या संख्येचं वर्गमूळ. केऑनसाठी १२०० मध्ये एक, म्हणजे दहा हजारांत ८.३. पायऑनसाठी ६१६ मध्ये एक, म्हणजे १६.२. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की १८ येतं. पेपर २१ म्हणतो. बॅकग्राउंडमुळे थोडं वाढणारच. म्हणजे संख्याशास्त्रीय अनिश्चितता प्रामाणिक आहे, आणि ती मुख्यतः पायऑनच्या अपुऱ्या नमुन्यातून आली आहे. दोन मिनिटांचं काम, पण इंटरव्ह्यूच्या खोलीत हे फळ्यावर केलंत तर पॅनेलला कळतं की तुम्ही पेपर वाचलाय, नुसता ऐकलेला नाही.

मग पुढे काय झालं? फर्मीलॅबच्या सीडीएफने उणे ६२ ± २१ ± १० दिलं. जपानच्या बेल प्रयोगाने (मुंबईच्या टीआयएफआरचा गट त्यात आहे) २०१२ च्या परिषदेत उणे ८७ ± ४१ ± ६ सांगितलं. तीन प्रयोग, तिन्ही उण्यात, तिन्ही मोठे. मामला पक्का वाटायला लागला. आणि २०१३ मध्ये एलएचसीबीनेच दोन नवे आकडे ठेवले. त्याच पद्धतीने पण जास्त डेटा आणि सुधारलेलं कॅलिब्रेशन व रिकन्स्ट्रक्शन वापरून उणे ३४ ± १५ ± १०. आणि मंद पायऑनऐवजी म्यूऑनवरून डी ओळखण्याच्या स्वतंत्र पद्धतीने अधिक ४९ ± ३० ± १४. चिन्हच उलटं! २०१४ मध्ये म्यूऑनवालाच आकडा अधिक १४ ± १६ ± ८ झाला. २०१६ मध्ये मंद पायऑनचा आकडा उणे १० ± ८ ± ३. 'शून्याशी सुसंगत' असं लिहून सगळे घरी गेले.

२०१९ मध्ये, सुमारे सहापट नवा डेटा हाताशी घेऊन: उणे १५.४ ± २.९. हे ५.३ सिग्मा. या वेळी शीर्षकात 'पुरावा' नव्हता, 'ऑब्झर्व्हेशन' होतं.

आता मूळ प्रश्न. २०१२ चा पेपर बरोबर होता की चूक? निष्कर्ष बरोबर: असममिती शून्य नाही. चिन्हही बरोबर. पण उणे ८२ आणि उणे १५.४ यांच्यात ६७ चं अंतर आहे आणि २०१२ ची एकूण अनिश्चितता २४ होती. म्हणजे तो पेपर आजच्या सत्यापासून २.८ सिग्मा दूर होता. शून्यापासून ३.५ आणि सत्यापासून २.८. हे वाक्य पहिल्यांदा वहीत लिहिलं तेव्हा मला जरा गरगरल्यासारखं झालं. शून्य नाकारण्यासाठी ज्या आकड्यावर विश्वास ठेवला, तो आकडा खऱ्या किमतीलाही जवळपास नाकारतच होता.

याचं एक कारण साधं आहे आणि ते कुठल्याही वर्गात नीट शिकवलं जात नाही. अनिश्चितता २४ आहे. 'पुरावा' म्हणायला तीन सिग्मा हवेत, म्हणजे आकडा किमान ७२ हवा. खरी किंमत १५ च्या आसपास. तर मग या प्रयोगाला 'पुरावा' हा शब्द वापरण्याचा एकच मार्ग होता: खऱ्याच्या साडेचारपट फुगलेला आकडा योगायोगाने हाती लागणं. बरोबर आकडा आला असता तर तो चाळणीतून खालीच पडला असता आणि शीर्षकही दुसरंच झालं असतं. चाळणीची भोकं ज्या आकाराची, त्याहून लहान दाणा वर राहत नाही. म्हणून प्रयोगाची ताकद परिणामाच्या मानाने कमी असेल तेव्हा पहिला 'पुरावा' जवळजवळ नेहमी फुगलेला असतो. यात कुणाची लबाडी लागत नाही.

पण सगळं या चाळणीवर ढकलून मोकळं होणंही मला पटत नाही. २.८ सिग्माचं विचलन दोनशेत एखाद्या वेळी होतं. नव्या कॅलिब्रेशननंतर आकडा सरकला, ही नोंद खुद्द एलएचसीबीनेच केली होती. म्हणजे योगायोगाच्या जोडीला, जे वजाबाकीत पूर्ण उडेल असं वाटत होतं त्यातलं काहीतरी उडालं नसेल, ही शंका उरते. सिस्टेमॅटिक ११ खूप आशावादी होती का? मला वाटतं, थोडी होती. २०१६ मध्ये तीच ३ वर आली आणि २०१९ मध्ये एकाहून खाली. उपकरण ओळखायला वेळ लागतो. सुरुवातीच्या डेटावर इतक्या बारीक वजाबाकीचा भरवसा धरणं हे धाडस होतं.

आणि ते तीन प्रयोग? सीडीएफ आणि बेल दोघेही आजच्या किमतीपासून दोन सिग्मा किंवा त्याहून कमी अंतरावर आहेत, त्यामुळे एकेकट्याने त्यांत तक्रारीला जागा नाही. पण तिघेही एकाच बाजूला, तिघेही मोठे. मी कुणावर संशय घेत नाही. मात्र पहिला आकडा जाहीर झाल्यावर दुसऱ्याने मोजताना उत्तर शेवटपर्यंत झाकून ठेवणं का गरजेचं असतं, ते या गोष्टीवरून कळतं. 'तीन स्वतंत्र प्रयोग सहमत आहेत' असं वाचलंत तर त्यांतला पहिला कधी आला आणि बाकीच्यांना तो माहीत होता का, हे विचारा.

केऑनच्या जगात याचा उलटा किस्सा आहे, तोही ओझरता सांगतो. सर्नच्या एनए-३१ ने १९८८ मध्ये प्रत्यक्ष सीपी भंगाचा पुरावा दिला, आकडा ३३ ± ११. फर्मीलॅबच्या ई-७३१ ने १९९३ मध्ये ७.४ ± ५.९ दिला, म्हणजे शून्याशी सुसंगत. वाद चांगलाच रंगला. दोघांनी आपापल्या प्रयोगशाळेत नवे प्रयोग उभारले, केटेव्ह आणि एनए-४८, आणि शेवटी साधारण १७ वर सगळे स्थिरावले. पुरावा देणाऱ्याचा आकडा निम्मा झाला, पण निष्कर्ष त्याचाच खरा ठरला. 'शून्याशी सुसंगत' म्हणणाऱ्याचीही चूक नव्हती, कारण ७.४ ± ५.९ हे १७ शी तितकंसं भांडत नाही. २०१६ च्या चार्म पेपराचंही तेच. उणे १० ± ८ हे शून्याशी सुसंगत होतं आणि उणे १५ शीही होतं. परीक्षेत आपण 'शून्याशी सुसंगत' वाचून 'शून्य' लिहून मोकळे होतो. हे चूक आहे.

आता २०१९ च्या पेपराबद्दल माझं मत. पुन्हा पेन्सिल: मंद पायऑनच्या नमुन्यात केऑनच्या जोडीचे ४.४ कोटी क्षय, पायऑनच्या जोडीचे १.४ कोटी. वरच्याच रीतीने १.५ आणि २.७, मिळून ३.१. पेपर ३.२ म्हणतो. छान. या एका नमुन्याचा निकाल उणे १८.२ ± ३.२ ± ०.९, म्हणजे एकट्याचे जवळपास साडेपाच सिग्मा. म्यूऑनवाल्याचा उणे ९ ± ८ ± ५. मग त्यांनी स्वतःचा जुना डेटाही मिसळला. त्याने आकडा वर गेला नाही, खाली आला, आणि सिग्माही घटून ५.३ झाले. मथळा मोठा करायचा असता तर जुनं बाजूला ठेवता आलं असतं. ठेवलं नाही, हे मला या पेपरातलं सगळ्यात भरवशाचं लक्षण वाटतं. दोन वेगळ्या ओळखपद्धती एकाच दिशेला आहेत, सिस्टेमॅटिक संख्याशास्त्रीय अनिश्चिततेपेक्षा बरीच लहान आहे, आणि निकाल पायऑनच्या एखाद्याच कोपऱ्यातून येतोय का हे तपासलेलं आहे. १९६४ च्या टंगस्टनच्या ठोकळ्याचं काम इथे म्यूऑनचा नमुना करतो, जरा दुबळेपणाने.

उणीवही सांगतो. वजाबाकीने खोट उडवली, पण तिच्यासोबत एक महत्त्वाची गोष्टही उडाली: सीपी नक्की कुठे मोडते, केऑनच्या जोडीत की पायऑनच्या? २०१९ च्या आकड्यावरून हे अजिबात कळत नाही. त्यातच दोन्ही क्षयांचा सरासरी काळ किंचित वेगळा असल्याने अप्रत्यक्ष सीपी भंगाचा छोटासा शिरकाव राहतो. पेपर तो मान्य करतो आणि नगण्य असल्याचं दाखवतो. मी जर्नल क्लबात या दोन्ही गोष्टी गाळल्या होत्या.

दुसरी तक्रार सैद्धांतिक मंडळींबद्दल, आणि ती जास्त कडक आहे. आता त्या 'जवळजवळ' शब्दाकडे परत या. २०११ च्या आधी सर्वसाधारण समज होता की स्टँडर्ड मॉडेलमध्ये ही असममिती हजारात एकाच्या वर सहसा जाणार नाही, शंभरात एक दिसली तर नवी भौतिकी. मग उणे ८२ आला, आणि काही महिन्यांत दोन्ही प्रकारचे पेपर आले: 'ही नवी भौतिकी' म्हणणारे आणि 'जुन्यातही एवढं बसतं' म्हणणारे. २०१९ चा आकडा पाचपट लहान आल्यावर पुन्हा दोन्ही प्रकारचे आले! खोद्जामिरियन आणि पेट्रोव्ह यांनी २०१७ मध्येच एका पद्धतीने हिशेब करून सांगितलं होतं की ही असममिती दहा हजारांत २ च्या आसपासच थांबायला हवी. प्रत्यक्ष आकडा त्याच्या सातपट. दुसरे म्हणतात, क्षयानंतर पायऑन आणि केऑन एकमेकांत रूपांतर करतात, त्या तीव्र बलाच्या गोंधळात सातपट वाढ सहज मिळते. दोघांपैकी कोण बरोबर, हे आज पक्कं सांगता येत नाही, कारण चार्म क्वार्क हलका धरावा इतका हलका नाही आणि जड धरावा इतका जडही नाही. हिशेबाच्या दोन्ही नेहमीच्या युक्त्या इथे अडखळतात. पण आकडा आल्यावर ज्याला कोणताही आकडा चालतो, तो सिद्धान्त कसोटीला उतरला असं म्हणू नका. तुम्ही सैद्धांतिक बाजूला जाणार असाल तर हे काम रिकामं पडलंय.

वर्तमानपत्री मथळ्यांवर एकच ओळ. 'विश्वात द्रव्य का उरलं याचं कोडं सुटलं' असं २०१९ मध्येही वाचलं. सुटलेलं नाही. कोबायाशी-मास्कावा यंत्रणेतून मिळणारा सीपी भंग त्या कामाला कितीतरी घातांकांनी अपुरा पडतो, आणि चार्मचा हा आकडा त्याच यंत्रणेत बसतो असं निघालं तर त्या कोड्यात काहीच भर पडत नाही.

'पुरावा' शब्दाचे अलीकडचे दोन अनुभव शेजारी ठेवतो. बेरिऑनमध्ये सीपी भंग शोधताना एलएचसीबीने २०१७ मध्ये लॅम्डा-बीच्या एका क्षयात (प्रोटॉन आणि तीन पायऑन) ३.३ सिग्माचा पुरावा दिला. २०२० मध्ये जास्त डेटा घेतल्यावर तो पक्का झाला नाही. २०२५ मध्ये बेरिऑनमधला सीपी भंग खरंच सापडला, ५.२ सिग्माने, पण दुसऱ्याच क्षयात: प्रोटॉन, एक केऑन आणि दोन पायऑन. असममिती सुमारे अडीच टक्के. म्हणजे २०१७ ची दिशा बरोबर होती, जागा चुकली.

दुसरा अनुभव अजून चालू आहे. २०२३ मध्ये छापलेल्या पेपरात एलएचसीबीने केऑनच्या जोडीची असममिती एकटीच मोजली. निर्मितीची आणि डिटेक्टरची खोट या वेळी डी मेसॉनच्या इतर क्षयांवरून वेगळी काढून वजा केली. मग २०१९ ची वजाबाकी वापरून पायऑनची बाजूही निघाली. प्रत्यक्ष सीपी भंग केऑनमध्ये ७.७ ± ५.७, पायऑनमध्ये २३.२ ± ६.१. दुसरा आकडा ३.८ सिग्मा. शीर्षकात साधं 'मेझरमेंट' आहे, पण ॲबस्ट्रॅक्टमध्ये तोच शब्द परत आलाय: पुरावा. आणि भानगड अशी की डाउन आणि स्ट्रेंज क्वार्क अगदी सारखे असते तर हे दोन आकडे मापाने सारखे आणि चिन्हाने विरुद्ध यायला हवे होते. दोघेही धन आलेत. ही सममिती थोडीफार मोडते हे सर्वांना माहीत आहे, पण इतकी? तिथलं विचलन २.७ सिग्माचं.

यावर तुम्हीच चाळणी चालवून बघा. अनिश्चितता ६.१, म्हणजे तीन सिग्माची भोकं १८ ची. आकडा २३. २०१२ मध्ये खरी किंमत चाळणीच्या भोकापेक्षा कितीतरी लहान होती. इथे तसं आहे असं मला वाटत नाही, कारण दोघांतली वजाबाकी १५.४ वर आधीच घट्ट बांधलेली आहे. पायऑनचा आकडा खाली सरकला तर केऑनचाही तितकाच सरकावा लागेल. माझी पैज अशी: नव्या डिटेक्टरच्या डेटात पायऑनचा आकडा २३ वरून पंधरा-सोळाकडे घसरेल, केऑनचा शून्याजवळ येईल, आणि चिन्हांचा हा गोंधळ बराचसा विरून जाईल. आमचा तो सीनियर म्हणतो, घसरणार नाही. चहा लागलाय.